दोघांचे तेवीस

मिरियाने फळ्यावरचे एकतीस तळहाताने पुसले, त्याच जागी तेवीस लिहिले आणि खडूने पांढरा झालेला हात जीन्सला पुसत ती मागे वळली.

"सापडली चूक," ती म्हणाली. "तिसऱ्या चित्रात. दोन्ही फांद्या सारख्या आहेत, म्हणून त्या चित्राचं उत्तर निम्मं करायला हवं होतं. मी केलंच नव्हतं. आता तुमच्या आकड्याशी जुळतं, सर."

थिमिओस दूकास खिडकीशी कॉफीचा कागदी पेला घेऊन उभा होता. तो फळ्याजवळ आला. तिसऱ्या चित्रात एक रेघ फुटून दोन फांद्या झाल्या होत्या आणि पुढे जाऊन त्या पुन्हा एक झाल्या होत्या. मिरिया हसत होती. गेले दोन आठवडे ही पोरगी धड जेवत नव्हती हे त्याला दिसत होते, आणि आज तिच्या चेहऱ्यावर जीव आला होता.

"निम्मं का करायचं?" त्याने विचारले.

"सारख्या आहेत ना फांद्या. एकच गोष्ट दोनदा मोजली जाते."

"आणि त्यांच्यावरचे बाण?"

मिरियाने पुन्हा चित्राकडे पाहिले. "बाण उलटे आहेत खरे. पण त्यानं काही फरक पडत नसणार. पडत असता तर एक्क्याण्णव सालीच तुमच्या लक्षात आलं असतं की!"

हे ती इतक्या सरळ मनाने म्हणाली की थिमिओसचे तोंड उघडले तसेच मिटले. सांगायला हीच वेळ होती. समोर फळा होता, हाताशी खडू होता, खोलीत तिसरे कोणी नव्हते. त्याने पेल्यातली गार कॉफी संपवली.

"रविवारी मोकळी आहेस?" तो म्हणाला. "झिकोस सरांकडे जायचंय. नव्या मुलांना एकदा तरी त्यांच्याकडे जेवायला नेतो आम्ही."

काम तसे सांगायला सोपे आहे. निसर्गातल्या तीन बळांचा जोर दाखवणाऱ्या तीन रेषा कागदावर ओढायच्या आणि त्या उजवीकडे, कुठल्याही यंत्राला कधी गाठता येणार नाही इतक्या मोठ्या ऊर्जेपर्यंत वाढवत न्यायच्या. तिथे तिन्ही एका बिंदूत भेटल्या तर समजायचे, मुळात बळ एकच होते, पुढे त्याच्या वाटण्या झाल्या. चौथे, गुरुत्वाकर्षण, या पंगतीला अजून बसायला तयार नाही; त्याची मनधरणी करणारी माणसे वेगळी. युरोपातल्या नऊ विद्यापीठांनी मिळून या कामाचे एक जाळे उभे केले होते. तरुण मुलांनी आपला देश सोडून दुसऱ्या देशात जाऊन ते शिकायचे, असा त्या जाळ्याचा नियम. म्हणून मिरिया आखिलेओस सायप्रसहून ग्रीसमधल्या यानिनाला आली होती, आणि डोंगरातल्या थंडीने तिचे नाक ऑक्टोबरपासून लाल ते लालच होते.

पहिला धडा म्हणून थिमिओसने तिला स्वतःचेच जुने गणित दिले होते, तेही हाताने करायला. जाळ्याने सगळे जुने तक्ते पुन्हा तपासायचे ठरवले होते हे खरे. पण हेच गणित आणि याच मुलीला का दिले, हे त्याने स्वतःला विचारले नव्हते.

त्या गणिताच्या शेवटी एक आकडा येतो. तो तेवीस असला की तीन रेषा गाठ मारावी तशा एका बिंदूत येतात. एकतीस असला की तिसरी रेषा उरलेल्या दोघींच्या भेटीच्या जागेवरून, केसाएवढे अंतर ठेवून, निघून जाते. दूकास आणि झिकोस यांच्या निबंधात तेवीस छापले होते. या धंद्यात नावे आडनावाच्या इंग्रजी अक्षरक्रमाने लागतात, थोर-लहान बघून नाही. पण थिमिओसच्या वडिलांना हे कोण समजावणार? ते आर्ताच्या रस्त्यावर बस चालवत, आणि मुलाचे नाव प्रोफेसरच्या आधी छापून आले म्हणून त्यांनी त्या दिवशी सगळ्या कॅफेला कॉफी पाजली होती. पुढे त्या तेवीसवर थिमिओसला नोकरी मिळाली, मान मिळाला. इतरांनी आकडा तक्त्यातून उचलला आणि आपापली घरे बांधली. असले गणित पुन्हा पहिल्यापासून कोण करतो? एकदा दोघांनी तपासलेले असले म्हणजे झाले.

आणि दोघांनी तपासले होते. झिकोस सरांच्या गटात तपासण्याची एक रीत होती. तिला सगळे 'भिंत' म्हणत. एकच गणित दोघांनी वेगवेगळे करायचे, आणि ते चालू असेपर्यंत त्या दोघांत भिंत उभी आहे असे मानायचे. कॉफीवर हवापाण्याच्या गप्पा मारा, फुटबॉलवरून भांडा, पण गणिताबद्दल अवाक्षर काढायचे नाही. ठरलेल्या दिवशी दोघांनी फळ्याच्या दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून, आपापले उत्तर लिहायचे. मग वळायचे. तोवर दुसऱ्याचा कागद पाहणे म्हणजे चोरी. सर इतर बाबतीत भलते सैल होते, वेळेवर कधी यायचे नाहीत, तास बुडवायचे. पण भिंतीच्या बाबतीत त्यांनी एका मुलाला गटातून काढून टाकले होते.

थिमिओसने पहिल्या खेपेला तेवीस काढले होते, मिरियासारखेच निम्मे करून. दुसऱ्या दिवशी बाण त्याच्या लक्षात आले. फांद्या सारख्या नव्हत्याच. एकीवरून जाणारे दुसरीवरून परत येत होते. त्याने निम्मे करणे काढून टाकले आणि एकतीस झाले. त्याच्या पुढच्या दिवशी, गुरुवारी, तो वाचनालयाची किल्ली ठेवायला सरांच्या खोलीत गेला. सर नव्हते. टेबलावर वही उघडी होती आणि पानाच्या तळाशी चौकोनात तेवीस लिहिलेले होते. त्याने डोळे फिरवले, पण डोळ्यांनी पाहायचे ते पाहून घेतले होते. सर आणि चुकतील? सव्वीस वर्षांचा थिमिओस बसस्टँडवर बसून राहिला आणि त्याने स्वतःची समजूत घातली की बाणांनी काही फरक पडत नसणार. शुक्रवारी दोघे वळले तेव्हा फळ्याच्या दोन्ही टोकांना तेवीस होते. सरांनी त्याला मिठी मारली. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि थिमिओसला वाटले होते, आनंदच झाला आहे एवढा.

हे त्याने बावीस वर्षांत कोणाला सांगितले नव्हते. बायकोलाही नाही. मधूनमधून ते गणित आठवे आणि तो दुसरे काहीतरी काम काढून बसे.

रविवारी मिरिया गाडीत बसली ती मांडीवर मिठाईचा खोका घेऊन. खोक्याच्या दोरीशी ती सारखी चाळा करत होती.

"सर खूप कडक आहेत का?"

"होते. आता वेलांना धाक घालतात."

"लिस्बनच्या भाषणाची पानं आणली आहेत मी. दाखवू त्यांना? म्हणजे दूकास आणि झिकोस दोघांच्याही नजरेखालून गेलं तर मला धीर येईल. पहिलंच भाषण आहे. नऊ देशांची माणसं समोर..."

"बघू," थिमिओस म्हणाला.

पुढच्या गुरुवारी ती त्या माणसांपुढे उभी राहून तेवीस सांगणार होती. आज ना उद्या कोणीतरी बाणांकडे बोट दाखवील, आणि त्या दिवशी फळ्यासमोर थिमिओस नसेल, ही असेल. आणि कोणी बोट दाखवलेच नाही तर ते अधिकच वाईट; मग ही पोरगी आपले बरोबर उत्तर पुसून दुसऱ्याचे लिहायला कायमची शिकून जाईल. हे त्याला स्पष्ट दिसत होते. दिसत असूनही तीन दिवस तोंड उघडले नाही, याची त्याला मनस्वी लाज वाटत होती. पण तिला सांगायचे तर आधी सरांना सांगायला हवे. निबंध दोघांचा होता. त्याहून मुख्य म्हणजे, भिंत सरांची होती.

झिकोस सरांच्या बायकोने, कीरा एवांथियाने, मुलीला दारातूनच आत ओढले. "ये, ये. सायप्रसची ना? बोल काहीतरी. तुमच्याकडे साधं 'मीठ दे' म्हटलं तरी गाणं म्हटल्यासारखं वाटतं. पापुद्रे लाटता येतात का तुला?"

"नाही हो."

"मग विद्यापीठात शिकवतात तरी काय? हात धू. नाताळाआधीचे चाळीस दिवसांचे उपास चाललेत, तेव्हा पापुद्र्यांच्या पोळीत चीज नाही, नुसता पाला. आमचे हे तोंड वाकडं करतील, तिकडे लक्ष द्यायचं नाही."

सर मागच्या अंगणात द्राक्षाच्या वेलांची छाटणी करत होते. अडुसष्टावे लागले होते. डोक्यावर लोकरीची टोपी, पायांत बायकोचे रबरी बूट. त्यांनी थिमिओसला पाहून कात्री वर केली, हाच नमस्कार.

"ती फांदी धर. वाकव. तोडू नकोस म्हणजे मिळवली. पोरगी कशी आहे?"

"हुशार आहे. माझ्यापेक्षा."

"ते काही फार उंच माप नाही."

थिमिओस हसला नाही. सरांनी फांदी तारेला बांधली, पुढच्या वेलाकडे सरकले. आतून लाटण्याचा आवाज आणि कीरा एवांथियाचा ओरडा येत होता, "पातळ! अजून पातळ!"

"सर, तिचं उत्तर एकतीस येतं."

कात्री थांबली.

"आपल्या गणिताचं," थिमिओस म्हणाला. "मी तिला म्हटलं, पुन्हा बघ. तिनं पुन्हा पाहिलं आणि आपणहून तेवीस करून आणलं. आपल्याशी जुळावं म्हणून."

"मग चूक कुठे होती तिची?"

"चूक नव्हतीच. बाण उलटे आहेत, सर. फांद्या वेगळ्या आहेत. निम्मं करायचंच नव्हतं. आपलं चुकलंय." इथपर्यंत त्याने पाठ केल्यासारखे सांगितले. पुढचे पाठ केलेले नव्हते. "आणि मला ते तेव्हाच माहीत होतं. माझं एकतीस आलं होतं. मी तुमच्या खोलीत किल्ली ठेवायला आलो होतो, वही उघडी होती, तेवीस दिसलं. मी माझं उत्तर बदललं. मी भिंत ओलांडली, सर. तुम्ही मला मुलासारखं वागवलंत, दर रविवारी याच घरात जेवलो मी चार वर्षं, आणि तुमच्याच तोंडावर..."

हातातली फांदी त्याने उगीचच घट्ट धरून ठेवली होती.

सर वेलाकडे बघत उभे होते.

"वार कोणता होता?" त्यांनी विचारले.

"काय?"

"वार. सोमवार, मंगळवार, कोणता वार होता? माझी वही पाहिलीस तेव्हा."

"गुरुवार. दुसऱ्या दिवशी फळा होता."

"मी मंगळवारी ओलांडली," झिकोस सर म्हणाले.

थिमिओसला वाटले, म्हाताऱ्याला नीट ऐकू आलेले नाही. पण सरांनी कात्री मिटून खिशात घातली, पाण्याच्या टाकीच्या कडेवर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तुला झेरॉक्स काढायची भारी हौस. प्रती घेऊन जायचास आणि मूळ पान काचेवर विसरायचास. दर वेळी. मी परीक्षेचा पेपर काढायला गेलो, झाकण उचललं, तर तुझं अक्षर. खाली तेवीस. दोनदा अधोरेखित. मी ते पान तुझ्या खणात टाकलं, कोणाला काही बोललो नाही."

"पण ते पहिलं पान होतं, सर! ते चुकीचं होतं. मी बुधवारी सुधारलं."

"ते मला कसं कळायचं? मी मंगळवारचा माणूस." सरांनी टोपी उलटी करून आत पाहिले. "माझं सोमवारीच एकतीस आलं होतं, थिमिओ."

थिमिओसने मनात वार पुन्हा मोजले. सोमवारी सरांचे एकतीस होते. मंगळवारी त्यांनी त्याचे चुकलेले पान पाहिले आणि आपले बदलून तेवीस केले. बुधवारी त्याचे स्वतःचे एकतीस झाले. गुरुवारी त्याने सरांचे बदललेले पान पाहिले, आणि ते खरे मानून आपले पुसले. बरोबर उत्तर दोघांकडेही होते. दोघांनी ते एकमेकांवरच्या भरवशापायी फेकून दिले होते.

"तुम्ही का बदललंत?" त्याने विचारले. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "तुम्ही! मी काय होतो तेव्हा? पोरगा होतो!"

"म्हणूनच. तुझं चुकेल असं माझ्या मनातही आलं नाही. असा मुलगा वीस वर्षांत एखादाच मिळतो. आणि मला सेहेचाळिसावं चालू होतं. आपल्याकडे लोक म्हणतातच, चाळिशीनंतर माणूस फक्त शिकवायला उरतो. वाटलं, आला आपला नंबर. तीन तास निम्मं करायचं कारण शोधलं आणि सापडलंही. शोधलं की सापडतंच ते." ते थांबले. "शुक्रवारी वळलो आणि दोन्हीकडे तेवीस पाहिलं, तेव्हा खात्रीच पटली. म्हटलं, ज्याला असं साधं चित्र मोजता येत नाही त्यानं आता दुसऱ्याच्या वाटेत उभं राहू नये. त्यानंतर मी लांबलचक गणित हातात घेतलं नाही."

थिमिओसला आठवले. पुढच्याच वर्षी सर विभागप्रमुख झाले, मग डीन. समित्या, उद्घाटने, मंत्र्यांबरोबरचे फोटो. गटातली मुले मागून हसत आणि त्यात सगळ्यांत पुढे थिमिओस असे. सरांनी पदार्थविज्ञान खुर्चीसाठी विकले, असे तो खुशाल म्हणत असे. एकदा तर तोंडावर म्हणाला होता. डीन झाल्याच्या मेजवानीत, चार घोट पोटात गेल्यावर: "खुर्ची गरम असते ना, सर?" सर तेव्हा नुसते हसले होते आणि त्याच्या पेल्यात आणखी ओतले होते.

तो टाकीजवळ गेला आणि सरांच्या पायाशी ओल्या मातीत बसला. पँट खराब होत होती. त्याला रडू येत होते आणि ते लपवावे असे वाटत नव्हते.

"बावीस वर्षं, सर."

"डीन म्हणून अगदीच वाईट नव्हतो हं मी. वाचनालयाचं गळकं छप्पर मीच बदललं."

"रागवा तरी माझ्यावर."

"रागावणार आहे. दम धर जरा." सरांचे डोळेही भरले होते, पण ओठ हलत होते ते हसण्यासाठी. "आधी आनंद तर होऊ दे. माझं बरोबर होतं की रे, थिमिओ! तुझ्या आधी बरोबर होतं. दोन दिवस आधी!"

त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला छाटलेल्या वेलाचा चीक लागलेला होता आणि तो केसांना चिकटत होता. थिमिओसने डोके हलवले नाही.

स्वयंपाकघरातून हाक आली. दोघे हात धुऊन टेबलाशी बसले. मिरियाच्या कोपरापर्यंत पीठ होते आणि कपाळावरही थोडे. तिने खुर्ची ओढायच्या आधीच पिशवीतून भाषणाची पाने काढली, पण ती पुढे करायचे धाडस होईना म्हणून मांडीवर ठेवली. थिमिओसच्या गुडघ्यांवरच्या चिखलाकडे तिने एकदा पाहिले आणि नजर वळवली.

"थिमिओस सांगत होता, तू आमचं जुनं गणित केलंस," सर म्हणाले.

"हो, सर."

"किती आलं?"

"तेवीस."

"आणि त्याआधी?"

मिरियाने थिमिओसकडे पाहिले. तिचे कान लाल झाले. "त्याआधी एकतीस आलं होतं," ती म्हणाली. "पण ती माझी चूक होती. मी सुधारली."

कीरा एवांथिया भट्टीतून पोळीचे ताट काढत होती. ते तिने टेबलावर ठेवले, हातातले फडके तसेच राहिले.

"एकतीस?" ती म्हणाली. ती जन्मभर औषधाचे दुकान चालवलेली बाई. नवऱ्याच्या गणितातले तिला ओ की ठो कळत नसे. ती नवऱ्याकडे बघत होती. "स्तेर्गिओ, हे तर तुझं. वर्षभर लिहायचास ना? पेपरच्या कडेला लिहायचास, पिठाच्या पिशवीवर लिहायचास. माझ्या दुकानातल्या खोक्यांवरसुद्धा. हे काय आहे म्हणून विचारलं तर म्हणालास, काही नाही, माझी चूक आहे."

सर पोळीकडे बघत राहिले.

"तुमचीही तीच चूक झाली होती?" मिरियाने विचारले. तिच्या आवाजात आदर होता आणि थोडा दिलासाही.

थिमिओसने काटा खाली ठेवला. फळ्यासमोर जे जमले नव्हते ते आता उशिरा का होईना जमवायला हवे होते. त्याने तिला सगळे सांगितले. बाण, किल्ली, उघडी वही, झेरॉक्सच्या काचेवरचे पान, दोघांचे मंगळवार आणि गुरुवार. शेवटी म्हणाला, "तू पहिल्यांदा आलीस त्याच दिवशी मला माहीत होतं की तुझं बरोबर आहे. मी भित्रेपणानं गप्प बसलो. लिस्बनला तू एकतीस सांग. मी तुझ्या आधी उभा राहीन आणि आमचं कसं चुकलं ते मी सांगेन. दुरुस्तीचा निबंध छापू, त्यात तुझं नाव असेल."

मांडीवरची पाने मिरियाने एकदा सरळ केली, पुन्हा केली. मग तिचा चेहरा एकदम चुरगळला.

"मी आईला सांगितलं," ती म्हणाली. "फोनवर. दोन आठवड्यांपूर्वी, तुम्ही 'पुन्हा बघ' म्हणालात ना, त्या दिवशी. म्हटलं, मला हे जमत नाही. माझं डोकं तेवढं नाही. लिस्बन झालं की परत येते. तिनं मामाच्या शाळेत माझ्यासाठी शब्दही टाकलाय."

कीरा एवांथियाने मुलीच्या कपाळावरचे पीठ फडक्याने पुसले.

झिकोस सर उठले. खुर्च्यांना धरत, बायकोच्या रबरी बुटांत, ते भिंतीवरच्या फोनपाशी गेले. रिसीव्हर उचलून त्यांनी तो मिरियापुढे धरला. त्याची गुंडाळलेली तार टेबलावरून, पोळीवरून ताणली गेली.

"आईला फोन कर," ते म्हणाले.

"आत्ता? जेवण..."

"आत्ता कर, बाळा. अजून दोनच आठवडे झालेत."